न पेरलेली चूक

वर्धा स्टेशनवर उतरले की मी लगेच पूल चढत नाही. गर्दी पुढे जाऊ देते आणि पायऱ्यांच्या खाली, जरा बाजूला उभी राहते. आईला वाटतं, मला गर्दीची भीती वाटते. लहानपणापासून माझ्या बऱ्याच गोष्टींचं कारण भीतीच, असं ती धरून चालते आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण पायऱ्यांपाशी थांबायला मला ताकसांडे सरांनी शिकवलं.

देवळी रोडवर एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. जिन्यात बारा महिने कीटकनाशकाचा वास. कापसाच्या दिवसांत समोरून भरलेल्या गाड्या जायच्या आणि उडालेला कापूस जिन्याच्या गजांना चिकटून राहायचा. वर दोन खोल्या, चार-पाच कॉम्प्युटर, खिडकीत खडखडणारा कूलर. बाहेरच्या बोर्डवर ‘प्रोसेस डिझाइन’ असं लिहिलेलं होतं, त्यामुळे लोक कॉम्प्युटर क्लास समजून मुलांच्या प्रवेशाची चौकशी करायला यायचे. सर त्यांना हाकलत नसत. “नाई बा, इथं क्लास नाई. आता जिना चढलेच हा, तं पानी पिऊन जा,” म्हणायचे आणि स्वतः उठून माठातलं पाणी द्यायचे.

सर मूळचे इथल्याच आंजी मोठी गावचे. आधी गुजरातेतल्या आणि मग आखातातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक पुण्याला, नागपूरला फ्लॅट घेऊन राहिले. हे वर्ध्याला परतले आणि पुण्याच्या एका कंपनीकडून काम आणून इथल्या मुलामुलींना हाताशी घेऊन करू लागले. बुटके, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. खिशात एक जाड पिवळा मार्कर आणि एक लाल पेन. मार्करचं टोपण चावून चावून पांढरं पडलेलं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. तेलाच्या किंवा वायूच्या कारखान्याजवळून जाताना उंच चिमणीच्या टोकाला जळणारी ज्योत दिसते, ती फ्लेअर. आतल्या एखाद्या टाकीत दाब फार वाढला तर ती फुटू नये म्हणून तिच्यावर एक झडप बसवलेली असते. झडप आपोआप उघडते, वायू एका छोट्या पाइपातून सगळ्यांच्या मोठ्या पाइपात जातो आणि त्यातून त्या ज्योतीपर्यंत. झडपेपासून मोठ्या पाइपापर्यंतच्या या छोट्या तुकड्याला सगळे टेलपाइप म्हणतात. सर त्याला शेपूट म्हणायचे. पाइपांचं हे सगळं जाळं आम्ही कॉम्प्युटरवर उभं करायचो आणि प्रत्येक शेपूट किती रुंद हवं ते काढायचो. ते अरुंद पडलं तर वायू पुढे सरकत नाही, उलटा झडपेलाच ढकलतो. मग झडप धड उघडीही राहत नाही, धड बंदही होत नाही, नुसती फडफडते आणि फडफडून मोडते. जी वाट जीव वाचवायला केली, तीच बंद.

मी नागपूरहून इंजिनिअरिंग करून आले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी बोलायचं ते मराठी आणि चारचौघांत बोलायचं तर कुठलीच भाषा नाही, अशी माझी अवस्था होती. पहिल्या दिवशी उत्तरं पाठ करून गेले होते. सरांनी काहीच विचारलं नाही. चपला घालत म्हणाले, “चाल, स्टेशनवर जाऊ.”

मी गोंधळून निखिलकडे पाहिलं. निखिल देवळीचा, माझ्या आधीपासून तिथे होता आणि त्याला गप्प बसता यायचं नाही. “जा, जा,” तो हसला. “सगळ्यायले नेतात. मले तं भर मे महिन्यात नेलं होतं. मी समजलो, कोनाले घ्याले चाललो!”

आम्ही प्लॅटफॉर्मवर पायऱ्यांजवळच्या बाकावर बसलो. गाडी यायची होती.

“हे पायरी केवढी रुंद पाहिजे?” सरांनी विचारलं.

मी बराच वेळ विचार करून म्हटलं, “वर्ध्याची तिकिटं जेवढी असतील, तेवढ्या लोकांपुरती.”

“बरं. पाह्य आता.”

गाडी आली. उतरणारे उतरले. पाण्याच्या बाटल्या भरायला उतरलेले उतरले. घ्यायला आलेले नातेवाईक, चहावाले, सामानवाले, चुकून उतरलेला एक म्हातारा आणि त्याला शोधायला उतरलेली त्याची दोन माणसं, सगळी एकदम पायऱ्यांकडे लोटली. वर पुलावर दुसऱ्या गाडीची माणसं आधीच होती. बघता बघता पायऱ्यांवर कुणाला पुढे जाता येईना. मागचे ढकलत होते. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं.

“तिकिटं मोजून पायरी बांधली का असं होते,” सर म्हणाले. “तिकिटं म्हंजे आपली गरज. पन दार उघडल्यावर दार गरज विचारते का? जेवढे हायेत तेवढे सोडते. झडप बी तशीच. टाकीले किती सोडाचं हाये, तो हिशोब येगळा. झडप एकदा उघडली का तिच्यातून किती येते, तो येगळा. अन् शेपूट कशावर काढाचं?”

“झडपेतून येईल त्यावर.”

“अन् वरचा पूल?”

मी पुलावरची माणसं मोजायला लागले.

“पूल सगळ्या प्लॅटफॉर्मची बेरीज करून नाई बांधत. सगळ्या गाड्या एकदम येत नाई ना. ज्या एकदम येऊ शकतात, त्यायचाच बांधाचा. पायरी मात्र ज्याची त्याची पुरी.” आणि मग त्यांनी मला चहा पाजला. “झालं तुझं ट्रेनिंग.”

खरंच, पुढे दोन वर्षं मी जे करत राहिले ते एवढंच होतं.

ऑफिसातली खरी शिस्त कागदावरची होती. प्रत्येक शेपटाचा हिशोब आधी हाताने मांडायचा, मग कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये घालायचा. “मॉडेलले काय, जे देसान ते खाते,” हे सरांचं नेहमीचं. हाताने मांडलेला कागद तपासायला दुसऱ्याकडे जायचा. तपासणाऱ्याने बरोबर असलेल्या प्रत्येक आकड्यावरून पिवळा मार्कर ओढायचा, चुकीच्या आकड्यावर लाल खूण करायची. नुसतं ‘तपासलं’ लिहून सही चालायची नाही, कागद सगळा पिवळा दिसला पाहिजे. सर स्वतः पिवळा ओढायचे तेव्हा पाहत राहावंसं वाटायचं. एकेका आकड्यावर थांबायचे, ओठातल्या ओठात पुन्हा तो हिशोब करायचे आणि मग डावीकडून उजवीकडे सावकाश रेघ. रेघ संपली की “हं.”

इतर ऑफिसांत मोठे लहानांचे कागद तपासतात. इथे सरांचे कागद सगळ्यांत नवीन माणसाकडे जायचे. माझ्याकडे त्यांचा पहिला कागद आला तेव्हा त्यात पाइपाची लांबी चुकली होती. नकाशात एक वळण होतं, ते त्यांनी धरलंच नव्हतं. मी नकाशा पुन्हा पाहिला, पुन्हा मोजला. चूक होती. पण लाल पेन घेऊन सरांच्या कागदावर खूण कशी करायची? जेवायच्या सुट्टीपर्यंत कागद पुढ्यात घेऊन बसले. शेवटी त्या आकड्याजवळ, दिसेल न दिसेल असा लाल ठिपका काढला आणि कागद त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला.

सरांनी चष्मा लावला, ठिपका शोधला आणि मोठ्याने हसले. ड्रॉवर उघडून गोरसपाकचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा काढला आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“सापडली तुले! निखिलले तं चार दिवस लागलते.”

“झूठ,” निखिल तिकडून ओरडला. “तीन.”

मग मला कळलं की ही सरांची ‘पेरणी’ होती. नवीन माणूस आला की सर स्वतःच्या कागदात मुद्दाम एखादी चूक पेरायचे. पुढेही अधूनमधून पेरायचे, कधी ते सांगायचे नाहीत. ज्याला सापडेल त्याला गोरसपाक. त्यांना आमची परीक्षा घ्यायची नव्हती. त्यांच्याही कागदावर लाल खूण करायची सवय आमच्या हाताला लागावी, एवढंच होतं. “तू बोलत नाई, चालते,” मला ते म्हणाले होते. “पन लाल पेनानं तं बोलशीन ना? अन् ठिपका नको काढू वो. गोल काढ. माह्या डोळ्याले दिसला पाहिजे.”

त्यानंतर मी गोल काढायला लागले. घरी, बाहेर, कुठेही मला जे जमत नव्हतं ते त्या टेबलापाशी जमायचं. समोरच्याला चुकलंय असं सांगायचं आणि समोरचा खूश व्हायचा.

सरांची आणखी एक सवय. एखादं शेपूट अरुंद काढलेलं दिसलं की ते टेबलावर बोटं वाजवायचे. चारही बोटं, फार वेगाने, एकसारखी. टकटकटकटक. ती फडफडणारी झडप होती. पुण्याच्या कंपनीतला एक मॅनेजर एकदा फोनवर अडून बसला. कारखान्यात जुना पाइप आहे, तोच ठेवायचा आहे, दाब थोडासाच जास्त दिसतोय, रिपोर्टमध्ये ‘चालेल’ असं लिहून द्या. सरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. फोन स्पीकरवर होता. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बोटं वाजवायला लागले. कितीतरी वेळ.

“सर? हॅलो? लाइन में कुछ आवाज आ रहा है.”

“लाइनमध्ये नाई बाबू,” सर म्हणाले. “तुमच्या झडपेत येऊन राह्यला. आज माह्या टेबलावर ऐकून घ्या, मंग तिकडं ऐकाचं काम नाई पडनार.”

आम्ही तोंडावर हात धरून हसत होतो. मॅनेजरला पाइप बदलावा लागला. त्या दिवशी चहा पिताना निखिलने विचारलं, “सर, खरंच असा आवाज येते? का आमाले भेवाडता?”

सरांनी कप खाली ठेवला. “ऐकला हाये मी. नवीन होतो तवा. दोस्त होता माहा, तो जवळ उभा होता झडपीच्या. मी दूर होतो.” मग म्हणाले, “बाकी सगळं विसरन मानूस, तो आवाज नाई विसरत.”

याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर काही छोट्या गोष्टी दिसू लागल्या. मी बोलत नसल्यामुळे पाहते फार, म्हणून मला आधी दिसल्या असतील. सर पिवळा मार्कर खिशात ठेवून मार्कर शोधायचे. निखिलला एकदोनदा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली. सकाळी दिलेलं काम दुपारी पुन्हा द्यायचे. एकदा सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा घेऊन स्वतः जिना चढून आल्या. सर नेहमी डबा सोबत आणायचे. “डबा घरीच रायला यायचा,” त्या म्हणाल्या आणि मग हळू आवाजात मला, “काल बी रायलता. परवा बी.” सर तिकडून हसून म्हणाले, “भूक लागली नोती, म्हून इसरलो.” काकू हसल्या नाहीत. जाताना जिन्याच्या वरच्या पायरीवर त्या उगाच थांबल्या, कापूस चिकटलेला गज धरून, आणि खोलीत पाहत राहिल्या.

वय झालंय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

मग ते एका जुन्या कारखान्याचं काम आलं. एका टाकीवरची झडप बदलून मोठी बसवायची होती, तिचं शेपूट नव्याने काढायचं होतं. सोपं काम. सरांनी ते स्वतःकडे घेतलं आणि कागद नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला, कारण माझ्यानंतर नवीन कुणी आलेलं नव्हतं.

मी पिवळा मार्कर ओढत निघाले. टाकीचा दाब, बरोबर. वायूचं तापमान, बरोबर. आणि मग वायू किती, या आकड्यावर थांबले. सरांनी तिथे टाकीची गरज धरली होती. झडपेतून किती येईल ते धरलंच नव्हतं. तिकिटं मोजून पायरी बांधली होती. त्यामुळे पाइप एका मापाने लहान आला होता.

मला हसू आलं. इतकी मोठी पेरणी सरांनी आजवर केली नव्हती. नेहमी कुठलं तरी वळण, कुठलं तरी एकक. या वेळी थेट पहिल्या दिवसाचा धडा! मला वाटलं, मी अजून सावध आहे की नाही ते पाहताहेत. मी छान मोठा लाल गोल काढला. शेजारी, मला कधी सुचत नाही ते सुचलं म्हणून, छोट्या अक्षरांत लिहिलं, ‘तिकिटं?’ आणि कागद पालथा न ठेवता सरळ सरांच्या हातात दिला. डब्याकडे पाहत उभीसुद्धा राहिले.

सरांनी चष्मा लावला. गोल पाहिला. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत होते.

ते हसले नाहीत. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. “हे कोनी केलं?”

“तुम्ही, सर.”

“मी?”

त्यांनी हिशोबाचं अक्षर पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. मग एक कोरा कागद ओढला आणि सगळा हिशोब पहिल्यापासून मांडायला घेतला. हात चालत होता, आकडे नीट येत होते. वायूच्या आकड्यापाशी आल्यावर पेन थांबलं. कूलर खडखडत होता. निखिल खुर्ची फिरवून आमच्याकडे बघायला लागला होता. सरांनी पुन्हा तोच आकडा लिहिला. टाकीच्या गरजेचाच. लिहून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या लाल गोलाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. कुठे चुकलं ते तर कळलंच, पण हातानं आता, आमच्यासमोर, पुन्हा तेच केलं हेही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते मला दिसलं आणि मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

निखिल उठून आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. “काय सर, लय भारी पेरली या टाइमाले! हिले वाटलं खरीच चूक हाये. मजाक करून राह्यले ना तुमी?”

किती सोपं होतं. सरांनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. आम्ही तिघंही हसलो असतो. कागद दुरुस्त झाला असता, रिपोर्ट त्यांच्या सहीने गेला असता आणि पुढचाही. निखिलने ती वाट त्यांच्यासाठी मोकळी करून ठेवली होती आणि मीही मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, सर.

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहत होते.

“नाई बेटा,” ते म्हणाले. “हे पेरलेली नाई.”

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, डबा काढला आणि नियमाप्रमाणे गोरसपाकचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“खाय,” ते म्हणाले. “बरोबर गोल काढला तू. मोठा काढला, चांगलं केलं.”

मला तो खाता आला नाही. घरी नेला, आणि पुष्कळ दिवस तो माझ्या बॅगेच्या कप्प्यात तसाच होता.

त्याच दुपारी त्यांनी पुण्याला फोन लावला. मॅनेजर तोच होता. सर उभे राहून बोलले. आता हा रिपोर्ट निखिल आणि मी पुरा करू, तो तुमच्याकडच्या माणसानं पुन्हा पाहावा आणि यापुढे आपली सही कुठल्याच कागदावर नसेल. तिकडून काहीतरी समजावणं चाललं होतं. बहुधा तो म्हणत असावा की सर, चूक कोणाकडून होत नाही?

“होते ना,” सर म्हणाले. “चूक झाली, त्याचं काई नाई. पोरीनं धरली. पन मले ते दिसली नाई. दाखवल्यावर बी दिसली नाई. मंग सही कशाची करू?”

त्यांच्या सहीवरच ऑफिस चालत होतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. हाती असलेली कामं संपली, नवी आली नाहीत. मला आणि निखिलला मॅनेजरनेच पुण्याला बोलावून घेतलं. सरांनी आमच्यासाठी त्याला किती फोन केले असतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि पुढे त्यांना ते आठवण्यासारखंही राहिलं नाही. शेवटच्या दिवशी कूलर खाली उतरवताना निखिल जिन्यात रडला आणि कीटकनाशकाच्या वासाला शिव्या देत डोळे पुसत राहिला. सर बोर्ड काढत होते. क्लासची चौकशी करायला नेमकं एक जोडपं आलं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. माठ गेलेला होता. “पानी नाई बा आज,” ते म्हणाले. त्यांना त्याचंच वाईट वाटलेलं दिसलं.

पुण्यातल्या ऑफिसात कागद नाही, सगळं पडद्यावर. तपासणीसाठी एक खूण असते, ती दाबली की तपासलं. मी आजही आधी कागदावर मांडते. एकदा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून ‘शेपूट’ गेलं तेव्हा सगळे हसले. निखिल तेवढा हसला नाही.

घरी यायची तेव्हा सरांना भेटायला जायची. पहिल्यांदा त्यांनी ओळखलं. दुसऱ्यांदा ‘पुण्याहून आली’ एवढं धरून ठेवलं होतं. नंतर काकूंनीच फोनवर सांगितलं, “येजो, पन मनाले लावून घेऊ नको.”

मागच्या वेळी गाडीतून उतरले, नेहमीसारखी बाजूला थांबले, तर समोर बाकावर सर बसलेले. शेजारी काकू. सरांचा शर्ट पांढराच होता, पण बटणं वरखाली लागली होती. खिसा रिकामा होता.

“रोज संध्याकाळी इकडंच आनाव लागते यायले,” काकू म्हणाल्या. “इथं बसले का शांत राह्यतात. काऊन, काय माईत. लोकं पाह्यतात नुसते.” मग सरांकडे वाकून, “पाहा बरं, कोन आलं? तुमच्या ऑफिसातली पोरगी.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नजर सभ्य होती, अनोळखी माणसाकडे पाहावी तशी. त्यांनी सरकून जागा दिली. मी बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “नवीन हायेस का?”

“हो, सर,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पायऱ्यांकडे बोट केलं. “हे पायरी... केवढी रुंद पाहिजे?”

बरोबर उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. पण मला वाटलं, बरोबर उत्तर दिलं तर सरांना करायला काय उरेल? माझ्या मनात एक आशा आली. त्यांनी आमच्यासाठी इतक्या वेळा पेरलं होतं. मी एकदा त्यांच्यासाठी पेरावं. ते ‘नाई’ म्हणतील, हसतील, मला समजावून सांगतील. माझ्या पिशवीत, उतरल्यावर स्टॉलवरून घरच्यांसाठी घेतलेला गोरसपाकचा पुडा होता. मी त्याची दोरीसुद्धा सैल केली.

“वर्ध्याची तिकिटं जेवढी, तेवढ्या लोकांपुरती,” मी म्हटलं.

सरांनी ऐकलं. ओठ हलले, जणू हिशोब पुन्हा करताहेत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी माझा हात जवळ ओढला, उजव्या हाताचं बोट माझ्या मनगटावर टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, एक रेघ ओढली, बरोबर आकड्यावरून मार्कर ओढायचे तशी.

“हं,” ते म्हणाले.

“पाह्य, पाह्य!” काकूंचे डोळे भरले. “वयखलं तुले! आज किती दिवसानं कोनाचा हात धरला यायनं.”

मी काकूंना हो म्हटलं.

तेवढ्यात गाडी आली. दारं उघडली. माणसं, पेट्या, पोती, लेकरं, सगळं एकदम पायऱ्यांकडे लोटलं. पुलावर आधीच गर्दी होती. पायऱ्यांवरची माणसं थांबली, मागची ढकलू लागली, कुणीतरी ओरडलं. काकू पदर सावरून उठल्या, सरांना म्हणाल्या, चला आता. सर उठले नाहीत. ते पायऱ्यांकडे पाहत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण बाकाच्या लोखंडी हातावर ठेवलेली त्यांची चारही बोटं आधी हळूहळू, मग वेगाने वाजायला लागली, एकसारखी, आणि पायऱ्या मोकळ्या होईपर्यंत ती थांबली नाहीत.